पडली तर उचलशील का?

गेल्या दसऱ्याला माझ्या भावाच्या अंगणात नवी मोटारसायकल आली. डहाणूला आमचं माहेरचं घर चिकूच्या वाडीत आहे. झाडाखालची जागा झाडून काढली होती, हँडलला झेंडूची माळ घातली होती, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढून झालं होतं. गाडी माझ्या भाचीची. तिला तलासरी तालुक्यात आरोग्य खात्याची नोकरी लागली आहे. काम पाड्यापाड्यांवर फिरण्याचं, आणि वेळीअवेळी फिरण्याचं. पूजा होण्याआधीच ती किल्ली नाचवत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आत्या, एक चक्कर मारून दाखवू?"

मी म्हटलं, "चक्कर नंतर. आधी गाडी आडवी कर."

वहिनीच्या हातातलं निरांजन जागच्या जागी थांबलं. भाऊ म्हणाला, "ताई, सणाचा दिवस आहे, काहीतरी काय बोलतेस!" नवी गाडी म्हणजे घरात आलेली लक्ष्मी, तिला पहिल्याच दिवशी लोळवायची म्हणजे अपशकुनच की! शेवटी तडजोड झाली. नवीची पूजा रीतसर करायची, आणि परसात उभी असलेली भावाची जुनी शंभर सीसीची गाडी परीक्षेला घ्यायची. त्या परीक्षेचं काय झालं ते शेवटी सांगते. पण माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला हे खूळ कुठून लागलं, ते आधी सांगायला हवं.

आपल्याकडे मुलीने मोटारसायकल मागितली की घरातून एक प्रश्न हमखास येतो. "पडली तर उचलशील का?" प्रश्न काळजीचा असतो, यात शंका नाही. पण तो उत्तर मिळवण्यासाठी विचारलेला नसतो. त्याचा अर्थ एवढाच, की विषय संपला. मुलाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याला येतच असणार, असं धरून चाललेलं असतं. म्हणजे मुलीला उत्तर शिकवायचं नाही आणि मुलाला प्रश्नच घालायचा नाही. गाडी आडवी झाली की दोघंही सारखीच अडाणी. माझं म्हणणं इतकंच आहे, की प्रश्न चांगला आहे, तो खरोखरचा प्रश्न म्हणून विचारा. कारण त्याला उत्तर आहे, ते एका दुपारी शिकता येतं, आणि त्याला पैलवानाची ताकद लागत नाही.

मला ते उत्तर वयाच्या पस्तिशीत, तेही चिखलात उभं राहून मिळालं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. आमची शाळा डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांच्या सीमेजवळच्या एका पाड्यावर होती. सकाळी डहाणूहून एस.टी.ने आशागडमार्गे चारोटी नाक्यावर यायचं, तिथे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उभं राहून उत्तरेकडे जाणारी मिळेल ती जीप पकडायची, मग महामार्ग सोडून आत चालायला लागायचं. येताना हेच उलट. महालक्ष्मीचा डोंगर डाव्या हाताला दिसला की पोचलो म्हणायचं आणि उजव्या हाताला दिसला की आता घर आलं म्हणायचं. चैत्रात महालक्ष्मीची यात्रा असली की जीपमध्ये पाय ठेवायला जागा नसे, आणि श्रावणात जीपच नसे.

१९९६ मध्ये यांची बदली नाशिकला झाली आणि यांची मोटारसायकल घरी राहिली. शंभर सीसीची, त्या काळी गावोगाव दिसू लागली होती तशी. महिनाभर ती गोणपाट पांघरून पडवीत उभी होती. एके दिवशी मी गोणपाट काढलं. शिकवलं शेजारच्या एका मुलाने, स्टेशनच्या मागच्या मैदानात. क्लच, गिअर, ब्रेक सगळं आठ दिवसांत जमलं. सासूबाईंनी तो प्रश्न विचारलाच. "चालवशील गं, पण पडली तर उचलशील का?" मी म्हटलं, "पाडणारच नाही." हे उत्तर किती पोकळ होतं, ते पुढच्या जुलैत कळलं.

त्या काळी शिक्षिकेने शाळेत साडीच नेसावी असा अलिखित दंडक होता. मी सलवार-कमीज घालून निघत असे आणि पिशवीत साडी घेत असे. शाळेत पोचले की वर्ग उघडण्याआधी मागच्या खोलीत साडी नेसायची. जुलै १९९७ मधला तो दिवस सहामाही-घटक चाचणीचा नव्हता, पण तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा मागे बांधलेला होता. महामार्ग सोडून आत वळलं की एक ओढा लागतो. त्यावर फरशी. रात्रभर पाऊस झाला होता. पाणी ओसरलं होतं, पण चढावर लाल मातीचा लगदा झाला होता. मी अगदी सावकाश, पहिल्या गिअरमध्ये चालले होते. लोकांना वाटतं गाडी वेगात पडते. वेगात असलेली गाडी आपली आपण तोल धरून असते. ती पडते ती बहुधा थांबता थांबता, वळता वळता, पाय टेकवायला जावं आणि पायाखाली जमीनच नसावी तेव्हा. माझा डावा पाय लगद्यात सरकला आणि गाडी हळूच, एखादी म्हैस बसावी तशी, डाव्या अंगावर बसली. मला खरचटलंसुद्धा नाही. वह्या मात्र चिखलात गेल्या.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडीसमोर उभी राहिले. वाकले, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि ओढलं. गाडी वीतभर उठली आणि परत बसली. पुन्हा ओढलं. तिसऱ्या वेळी पाय सरकून मीच तिच्यावर पडले. मग कमरेत अशी कळ आली, की मी मुकाट्याने कडेच्या दगडावर बसले. मोबाइल तेव्हा नव्हता. शाळेची घंटा होऊन गेली असणार, मुलं कुलपाशी उभी असणार. पावसात बसून मी सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मनात शोधत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. शेताकडून एक वारली बाई आली. पाठीवर इरलं, डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा. लावणीचे दिवस होते. तिने आधी मला पाहिलं, मग गाडीला, मग आजूबाजूला कुणी पुरुष आहे का तेही पाहिलं. भारा बांधावर ठेवला आणि जवळ आली. मी पुन्हा वाकून हँडल धरलं तशी ती हसली. तिच्या बोलीत ती जे म्हणाली त्याचा मतलब असा होता, की तोंड तिकडे कर, ओझ्याकडे तोंड करून ओझं उठतं का कधी? आणि तिने पाठ फिरवून दाखवलं. गोणी पाठीवर घेताना हमाल टेकतो तशी ती सीटच्या कडेला कंबर टेकून बसली, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून. मी तिच्या शेजारी तशीच बसले. दोघींनी टाचा रोवल्या आणि मागे ढकललं. गाडी उभी राहिली. इतकी सहज, की मला आधी आनंद झालाच नाही, रागच आला. एवढंच होतं तर!

निघताना तिने विचारलं, घरी माणूस नाही का? मी म्हटलं, आहे, नाशिकला आहे. तिने मान डोलावली. मग ती तिच्या भाऱ्याकडे गेली. मला वाटलं, आता आपण तिचा भारा उचलून द्यावा. पण तिने तो जमिनीवर ठेवलाच नव्हता, बांधावर, कमरेच्या उंचीला ठेवला होता. ती थोडी वाकली, डोकं भाऱ्याखाली सरकवलं आणि पाय सरळ केले. हात फक्त तोल धरायला. एकटीने ओझं घ्यायचं असेल तर ठेवतानाच ते कसं ठेवावं, याचा विचार तिने आधीच केला होता. आम्ही शिकलेल्यांनी गाडी घेताना तो केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, मुलं घरी गेल्यावर, मी मैदानात गोणपाट अंथरलं आणि गाडी मुद्दाम आडवी केली. एकटीने उचलायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा अर्धी उठली, चौथ्यांदा उभी राहिली. मग उजव्या अंगावर पाडून पाहिली. आठवडाभर रोज एकदा.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी कोसबादला गेले होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबादच्या टेकडीवर आलं. आमच्या डहाणू तालुक्याचं ते भूषण आहे. माँटेसोरी पद्धतीचं एक साधं सूत्र त्या दोघींनी आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत नेलं. मुलाला जे स्वतः करता येण्यासारखं आहे ते आपण करून देऊ नये, मात्र कसं करायचं ते सावकाश, नीट दाखवावं. बटण लावणं असो की पाणी ओतणं असो. मी वर्षानुवर्षं हे मुलांना लावत होते. स्वतःला लावायचं राहिलं होतं.

आता ती कृती सांगते. स्वयंपाकाची कृती सांगावी तशीच सांगते, कारण तिच्यातही क्रम चुकला की बिघडतं.

सगळ्यात आधी गाडी नव्हे, स्वतःला उचला. पडल्यावर लाज वाटते, आणि लाजेपोटी माणूस पहिल्या दहा सेकंदांत झटका मारतो. कंबर जाते ती तेव्हा. आधी रस्त्याच्या कडेला व्हा. हात, पाय, मान हलवून पाहा. महामार्गावर असाल आणि मागून गाड्या येत असतील, तर गाडी पडू द्या, तुम्ही दूर उभे राहा. लोखंड पुन्हा घेता येतं. मग, सुरक्षित असेल तेव्हा, किल्ली बंद. जुन्या गाड्यांना पेट्रोलची तोटी असते, तीही बंद. पेट्रोल गळत असेल तर आसपास विडी-काडी नको.

मग गाडी कुठल्या अंगावर पडली आहे ते पाहा. बाजूचं स्टँड डावीकडे असतं. गाडी उजव्या अंगावर पडली असेल, तर ते स्टँड वरच्या अंगाला येतं. ते आधीच बाहेर काढून ठेवा, आणि गिअरही टाकून ठेवा. कारण उचलताना जोर जास्त झाला तर गाडी पलीकडे कलंडते, ती मग स्टँडवर थांबते. डाव्या अंगावर पडली असेल तर स्टँड खाली दबलेलं असतं. ते गाडी उभी केल्यावर पायाने काढायचं. अशा वेळी चाकाला एक धोंडा लावा, म्हणजे गाडी पुढेमागे घरंगळत नाही. आणखी एक. सायलेन्सर बहुतेक गाड्यांना उजवीकडे असतो. उजव्या अंगावर पडलेली गाडी उठू लागली की तो तुमच्या पोटऱ्यांशी येतो, आणि तो तापलेला असतो. दोन मिनिटं थांबायला काही हरकत नाही.

उतार असेल तर चाकं उताराच्या खालच्या बाजूला हवीत. ती वरच्या बाजूला असली, तर आपण गाडी उचलत नसतो, डोंगर चढवत असतो. तशी असेल तर पडल्या जागीच ती हळूहळू फिरवून घ्या. पायाखाली चिखल असेल तर चार दगड, फांद्या टाका. घसरत्या पायाने जोर लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मग हँडल. गाडी ज्या अंगावर पडली आहे त्या बाजूला ते पूर्ण वळवा, म्हणजे खालची मूठ टाकीजवळ येते. गाडीकडे पाठ करा. सीटच्या कडेला कंबरेखालचा भाग टेकवून खाली बसा. एका हाताने ती खालची मूठ धरा, दुसऱ्या हाताने सीटमागची धरायची दांडी. हात सरळ, पाठ ताठ, नजर समोर. टाचा रोवा आणि पायांनी मागे ढकला. उठायला लागली की उंदरासारखी बारीक पावलं टाकत मागे सरका. हातांचं काम फक्त धरून ठेवण्याचं. उचलतात त्या मांड्या, आणि मांडीचे स्नायू आपल्या अंगातले सगळ्यात दणकट. कमरेचे मणके मात्र वाकून ओझं ओढायला केलेले नाहीत.

पहिली वीत सगळ्यात जड असते. शंभर सीसीची गाडी एकशेदहा किलोच्या आसपास भरते, बुलेटसारखी गाडी एकशेऐंशीच्या वर. पण ते सगळं वजन आपल्याला उचलायचं नसतं. चाकं जमिनीवर टेकलेली असतात, गाडी तरफेसारखी त्यांच्यावर फिरते. सुरुवातीला वजनाच्या निम्म्याच्या आसपास जोर लागतो आणि गाडी जसजशी उभी होत जाते तसतसा तो कमी कमी होत जातो. म्हणून मध्येच सोडू नये. अर्धी उठली म्हणजे कठीण काम झालेलं असतं. शेवटची वीत मात्र फसवी. तिथे वजन जवळजवळ लागतच नाही, आणि आपण आधीच्या जोरात ढकलत राहिलो तर गाडी पलीकडे जाते. तिथे हळू व्हायचं, स्टँडवर टेकवायची आणि श्वास घ्यायचा. लगेच बसून निघायचं नाही. ब्रेकचा दांडा, क्लच, हँडल, आरसा पाहायचा. काही नव्या गाड्या कलंडल्या की इंजिन आपोआप बंद करतात. त्यांची किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू करावी लागते. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नको तिथे साठतं, तिला चार मिनिटं विसावा द्यावा.

एवढंच. यात गुप्त विद्या काही नाही. आमच्या पिढीने तर बजाजच्या स्कूटरी सुरू होईनात म्हणून रोज सकाळी कलंडवल्या. घरोघरच्या बायकांनी नवऱ्याला ऑफिसला उशीर होऊ नये म्हणून मागून हात लावला. गाडी कलती करणं आपल्याला नवीन नाही. पडलेली उभी करणं तेवढं कुणी शिकवलं नाही.

आणि हे मुलींपुरतं नाही. साधारण २००४ ची गोष्ट. यांची पुन्हा इकडे बदली झाली होती. डहाणू रोड स्टेशनबाहेर ओळीने लावलेल्या गाड्यांत यांची गाडी होती. कुणाच्या तरी धक्क्याने शेवटची गाडी पडली आणि पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पाच-सहा गाड्या एकमेकींवर गेल्या. गाडीची वेळ झालेली, आजूबाजूला ओळखीची माणसं. यांनी वाकून, एका झटक्यात, एकट्याने आपली गाडी उपसली. लोक "वा!" म्हणाले असतील. यांनी आगगाडीत उभं राहून दात आवळले आणि घरी कुणाला सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी पलंगावरून उठता येईना तेव्हा कळलं. तीन आठवडे झोपून काढले. मी विचारलं, "कुणाला हात लावायला सांगायचं तरी!" तर म्हणाले, "एवढ्याशा गाडीसाठी?" घरात मला हे तंत्र सात वर्षांपासून येत होतं, पण यांना ते शिकवावं असं माझ्याही मनात आलं नव्हतं. पुरुष आहेत, त्यांना येतच असणार! सासूबाईंच्या प्रश्नाची दुसरी बाजू मीच वागून दाखवली होती.

माझा राग कुणा एका माणसावर नाही. तो आपल्या सवयीवर आहे. आपल्या प्रत्येक मोटारसायकलला मागच्या चाकाशी एक जाळी असते, तिला आपण साडीगार्ड म्हणतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्यासाठी तीन गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. धरायला दांडी, पाय ठेवायला जागा, आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून आडोसा. नियम अतिशय चांगला आहे, त्याने कितीतरी जीव वाचले असतील. पण त्या जाळीला आपण जे नाव दिलं, त्यात बाईची जागा ठरवून टाकली, मागची. गंमत अशी, की गाडी उचलताना मागचा हात जिला धरतो ती दांडी नेमकी तीच, मागे बसणाऱ्यासाठी दिलेली. मागे बसणारीला आधार म्हणून दिलेली वस्तू पुढे बसणारीलाही कामी येते. ती कशी धरायची, हे मात्र कुणी सांगत नाही.

परवान्याच्या परीक्षेचंही तेच. उमेदवार आठचा आकडा काढतो, पाय टेकवत नाही ना हे पाहिलं जातं, हाताने इशारे विचारले जातात. पाय टेकला तर नापास. पण गाडी पडली तर पुढे काय, हा प्रश्नच नाही. जपानमध्ये मोटारसायकल शिकवणाऱ्या शाळांत अगदी सुरुवातीच्या धड्यांत आडवी पडलेली गाडी उभी करायला लावतात, मुलगा असो की मुलगी. मग इंजिन सुरू करायचं. त्यांना पडण्यात अपशकुन दिसत नाही, ती चालवण्यातलीच एक पायरी आहे असं ते धरतात. आपल्याकडे मोटार शिकवणाऱ्या शाळा तालुक्याच्या गावीही आहेत. तिथे एक जुनी मोडकी गाडी, जाड सतरंजी आणि अर्धा तास, एवढ्यात हा धडा होईल. त्यासाठी कायदा बदलायची वाट कशाला पाहायची?

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. आता रस्ते चांगले झाले, खिशात मोबाइल आला, माणसं धावून येतात, मग एकट्याने उचलायचा हट्ट कशाला? माणसं धावून येतात हे अगदी खरं. आमच्या भागात तर येतातच. लावणी सोडून येतात, हे मी वर सांगितलंच आहे. पण ज्या रस्त्यांवर माझी भाची जाणार आहे तिथे अजून कितीतरी ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. निर्जन रस्त्यावर, तिन्हीसांजेला, आडवी गाडी घेऊन उभ्या असलेल्या मुलीजवळ कोण येऊन थांबेल, हे तिच्या हातात नसतं. ज्याला आपलं काम आपण करता येतं, तो कुणाची मदत घ्यायची आणि कुणाला "नको, जमेल मला" म्हणायचं हे ठरवू शकतो. ज्याला येत नाही त्याला मिळेल त्याची मदत घ्यावी लागते. एकटीने उचलता यावं ते यासाठी. मदत नाकारण्यासाठी नव्हे.

आणि ज्यांनी उचलू नये, त्यांनी उचलू नयेच. गरोदर बाई, पाठीचं दुखणं असलेला माणूस, नुकतं ऑपरेशन झालेला, पडताना मार लागलेला, या सगळ्यांनी गाडी पडू द्यावी आणि हाक मारावी. तंत्र येणं म्हणजे प्रत्येक वेळी ते वापरणं नव्हे.

म्हणून माझी घरोघरच्या आईवडिलांना एक विनंती आहे. मुलाला किंवा मुलीला गाडी घेऊन द्याल तेव्हा हेल्मेट द्याच, पण पहिल्या रविवारी अंगणात गोणपाट अंथरून गाडी आडवी करा आणि म्हणा, "उचल." नाही उचलता आली तर शिकवा. शिकवूनही नाही आली तर ती गाडी त्या मुलासाठी किंवा मुलीसाठी जड आहे, थोडी हलकी घ्या. हे दुकानात पाहून कळत नाही, अंगणात कळतं. प्रश्न तोच ठेवा, पडली तर उचलशील का? फक्त तो दार लावण्यासाठी विचारू नका.

आता दसऱ्याचं राहिलं. नव्या गाडीची पूजा झाली, आपट्याची पानं देऊन झाली, मग परसात गोणपाट अंथरलं. भावाने जुनी गाडी स्वतःच्या हाताने, नाखुशीनेच, डाव्या अंगावर निजवली. भाचीने आधी तेच केलं जे मी १९९७ मध्ये केलं होतं. गाडीकडे तोंड करून ओढलं. मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा ओढून झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, नुसती बघत काय बसलीस?" मग मी दाखवलं, सावकाश. पाठ कर, बस, मूठ धर, दांडी धर, पायाने ढकल. पहिल्या वेळी ती मध्येच थांबली आणि गाडी परत बसली. दुसऱ्या वेळी उठली, आणि शेवटच्या विती गाडी पलीकडे जाणार तोच तिने सावरली. वहिनीने टाळी वाजवली. भाऊ पुढे झाला, शर्टाच्या बाह्या वर करत म्हणाला, "बघू, मी करतो." त्यालाही तिसऱ्या खेपेला जमलं. इतक्या वर्षांत त्याने ती गाडी कितीदा कशी उचलली असेल, हे मी विचारलं नाही.

मग सगळे म्हणाले, आता ताई. मी चौसष्ट वर्षांची आहे. डावा गुडघा कुरकुरतो. तरी बसले, मूठ धरली, टाचा रोवल्या. पहिली जड वीत पार पडली. अर्ध्यावर गाडी आली आणि गुडघ्याने सांगितलं, आता पुरे. पूर्वीची मी असते तर दात आवळून रेटलं असतं.

मी हाक मारली, "धर गं."

भाची धावत आली, माझ्या शेजारी पाठ टेकून बसली. दोघींनी मिळून गाडी उभी केली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण कुठे धरायचं ते तिला आता ठाऊक होतं.